तंगम आणि कावेरी, एकच व्यक्ती

एखादी मुलगी बारा-तेरा वर्षं शाळेत जाते, परीक्षा देते, उत्तम पास होते, आणि तरीसुद्धा ती पास झाली आहे असं ठरवायला आणखी एक माणूस लागतो. तंजावूरच्या एका कॉलेजच्या कचेरीत तो माणूस मी होते. मुलगी आफ्रिकेत शिकलेली असो, मलेशियात असो की आखातात, तिचं सर्टिफिकेट माझ्या टेबलावर यायचं आणि मी चष्मा पुसून त्याच्याकडे बघायचे. त्या बघण्यावरून घरी माझी पुष्कळ थट्टा झाली आहे. बाजारात वांग्याकडेही मी तसंच बघते, असं आमच्या घरातले म्हणतात.

या अंकासाठी लिहा म्हणून पत्र आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझी मराठी राजवाड्यामागच्या गल्लीतली. आमचे पूर्वज इथल्या मराठी राजांच्या पदरी आले, येताना आणलेली भाषा घरातल्या घरात वापरत राहिले आणि एखादा शब्द हरवला की शेजारच्या तमिळ घरातून मागून आणत राहिले. देवनागरी मला आली ती हिंदीच्या परीक्षांमुळे. त्यामुळे हा लेख पुण्याच्या माझ्या मावसभावानं तपासून दिला आहे. जिथे तो फार शुद्ध वाटेल तिथे दोष त्याचा आहे.

काम समजायला सोपं आहे. आपल्याकडे दहावी, मग प्लस टू म्हणजे बारावी, मग कॉलेज. बाहेर कुठे ओ लेव्हल आणि ए लेव्हल असतं, कुठे नुसतं ग्रेड ट्वेल्व्ह, कुठे हायस्कूल डिप्लोमा. यातलं काय आपल्या कशाच्या बरोबरीचं, हे दिल्लीत ठरतं आणि त्याचं एक जाडजूड पुस्तक निघतं. ते पुस्तक बघून विद्यापीठ पात्रतापत्र देतं, म्हणजे ही मुलगी आमच्या बी.एस्सी.ला चालेल असं लिहून देतं. ते पत्र येईपर्यंत कॉलेजातला प्रवेश तात्पुरता. पत्र मुदतीत आलं नाही, तर पोरगी रोज पहिल्या बाकावर बसत असली तरी कागदोपत्री ती वर्गात नसते. तिचं वर्ष गेलं. आई-बापांना वाटायचं, कॉलेजात जागा मिळाली म्हणजे सुटलो. खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं.

आमच्या फॉर्मला कागद मागायची भारी हौस होती. ट्रान्सफर सर्टिफिकेट, कॉन्डक्ट सर्टिफिकेट, मायग्रेशन सर्टिफिकेट. हे कागद जगात फारसे कुठे मिळत नाहीत, हे फॉर्म छापणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. न्यूझीलंडहून आलेल्या एका मुलाच्या हेडमास्तरांना मी ट्रान्सफर सर्टिफिकेटसाठी पत्र घातलं. त्यांचं उत्तर आलं, "आपलं पत्र वाचून आम्ही काळजीत पडलो. हा मुलगा आमच्या ताब्यात नाही आणि कधी नव्हता. त्याला वाटेल तिथे जायची मोकळीक आहे." विद्यापीठातल्या क्लार्कनं ते तीनदा वाचलं आणि मला विचारलं, "मेडम, याला टीसी म्हणायचं का?" मी म्हटलं, "यापेक्षा चांगली टीसी मी आजवर बघितली नाही." त्यानं ती बिनतक्रार फाईलला लावून घेतली.

दुसरं दुखणं मार्कांचं. तिकडे ए, बी, सी अशा ग्रेडा, आणि आमच्या फॉर्मला पाहिजेत आकडे. ए म्हणजे किती? एक वडील रोज दुपारी येऊन ए म्हणजे निदान पंच्याण्णव धरा म्हणून हटून बसायचे. मी म्हणायचे, मुलीला अभ्यास करताना तुम्ही बघितलं आहे, तुम्हीच सांगा. मग ते जरा विचार करून ऐंशीवर यायचे.

आता माझ्या हुशारीची एक गोष्ट सांगते. आखातातून आलेल्या एका मुलाचं शाळा सोडल्याचं सर्टिफिकेट माझ्यापुढे आलं. कागद उत्तम, शिक्का ठसठशीत, सही झोकदार. मला ते जरा जास्तच चांगलं वाटलं. तारीख बघितली, कपाटातलं जुनं कॅलेंडर काढलं. शुक्रवार. आखातात शुक्रवारी शाळेला सुट्टी. बंद शाळेत हेडमास्तरांनी सही केली कशी? मी खुर्चीत अशी काही मागे टेकले की शेजारच्या टेबलावरच्या राजलक्ष्मीनं विचारलं, "काय मेडम, लॉटरी लागली?" मी प्रकरण संशयित म्हणून वर पाठवून दिलं.

सहा आठवड्यांनी शाळेचं पत्र आलं. सर्टिफिकेट अस्सल होतं. दुसऱ्या दिवशीच्या विमानानं ते कुटुंब कायमचं निघणार होतं, म्हणून बिचारे हेडमास्तर सुट्टीच्या दिवशी मुद्दाम शाळा उघडून सही करून गेले होते. एका भल्या माणसाच्या भलेपणावर मी फुली मारली होती. तोवर फिजिक्सची जागा दुसऱ्याला गेली. मुलगा निमूटपणे कॉमर्सला गेला. व्हरांड्यात भेटला की माझ्याकडे बघून हसायचा, आणि ते हसणं मला अजून टोचतं. सही शुक्रवारी कशी, एवढंच मी त्याच्या बापाला विचारलं असतं तर त्यानं तिथल्या तिथे सांगितलं असतं. कागदावर संशय घेण्याआधी समोरच्या माणसाला एक साधा प्रश्न विचारायचा, असं मी त्यानंतर ठरवलं. उशिरा ठरवलं, पण ठरवलं.

ती वर्षंच निराळी होती. देशाची दारं नुकती उघडली होती आणि गावात रोज एक नवीन पाटी लागत होती. एसटीडी-आयएसडी, झेरॉक्स, कम्प्युटर क्लास, आणि मग फॅक्स. पूर्वी इंग्लंडच्या परीक्षा मंडळाला पत्र घातलं की उत्तर यायला दीड-दोन महिने लागायचे. आता जुन्या बसस्टँडजवळच्या दुकानात कागद यंत्रात सरकवला की तिसऱ्या दिवशी उत्तर. फक्त तो फॅक्सचा गुळगुळीत कागद भारी बेइमान. पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, त्याच्यावरची अक्षरं उडून जायची. म्हणून मी फॅक्स हातात पडला की तसाच पळत नेऊन त्याची झेरॉक्स काढायचे. एका वर्षी हे विसरले, आणि ऑडिटवाल्यांना सात कोरे कागद दाखवून "हे पुरावे" म्हणून सांगायची पाळी आली.

त्याच काळात रुक्मिणी आली. कॉलेज उघडून आठवडा झाला असेल. दारातल्या शिपायाशी ती तमिळमध्ये बोलली, आणि मग बरोबरच्या उंच मुलीला हळूच म्हणाली, "नीट उभी राहा की." मी मान वर केली. कचेरीत मराठी कानावर पडायची ती अशीच, हळू आवाजात आणि कुणाला तरी दटावताना.

"कुठल्या गं तुम्ही?" मी विचारलं, आणि तिचा चेहरा असा खुलला की मला जवळची खुर्ची पुढे ओढावीच लागली.

ती पापनाशमची. सासरची भातशेती. नवरा झांबियात, तांब्याच्या खाणींच्या गावात गणिताचा मास्तर. त्याचं काँट्रॅक्ट पुढच्या वर्षी संपत होतं, म्हणून मायलेकी आधी परतल्या होत्या आणि सासूबाईंजवळ राहत होत्या. मुलगी तिकडे ए लेव्हल झालेली. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, तिन्हींत ए. फिजिक्सला तिला जागा द्यायला आमचे प्राध्यापक एका पायावर तयार होते. त्यांनी तिला सहज म्हणून एक गणित घातलं, ते तिनं दोन प्रकारे सोडवून दाखवलं.

मी सर्टिफिकेट हातात घेतलं. त्यावर नाव होतं तंगम राव. पासपोर्ट घेतला. त्यावर कावेरी. जन्माचा दाखला, पापनाशमचाच, त्यावरही कावेरी. जन्मतारीख सगळीकडे एकच.

"ही तंगम कोण?"

"हीच, अक्का."

"आणि कावेरी?"

रुक्मिणीनं खाली बघितलं आणि पासपोर्टवर बोट ठेवलं. "तें पण हीच."

"मग शाळेंत नांव दुसरें कसें?"

"तसेंच झालें, अक्का."

मी पुन्हा विचारलं, उलटून विचारलं, जरा आवाज चढवून विचारलं. तसेंच झालें, यापुढे गाडी जाईना. शेवटी मुलगीच वैतागून म्हणाली, "मी पांच वर्षांची होतें तेव्हां मम्मीनं फॉर्म भरला. कां म्हणून विचारलें तर मलाही सांगत नाहीं." तिची मराठी आईची होती आणि वैताग मात्र थेट झांबियाचा.

शुक्रवारच्या सहीनं मला शिकवलं नसतं तर मी तिथेच "संशयित" असा शेरा मारला असता. तसं न करता प्रिन्सिपलना भेटले, माझ्या जबाबदारीवर तात्पुरता प्रवेश दिला आणि परीक्षा मंडळाला फॅक्स केला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की तंगम राव, अमुक जन्मतारीख, आमच्याकडे पास झालेली आहे. मी झेरॉक्स काढून फाईल विद्यापीठात पाठवली. ती बूमरँगसारखी परत आली.

पात्रता विभागाचे अधिकारी नटेशन सार. स्वच्छ माणूस, कुणाचा चहासुद्धा न घेणारा. त्यांनी हिरव्या शाईत लिहिलं होतं, "सर्टिफिकेट एकीचं, पासपोर्ट दुसरीचा. उमेदवाराला बहीण आहे काय?" त्यांचंही चुकलं नव्हतं. थोरल्या बहिणीच्या सर्टिफिकेटवर धाकटीला आणून बसवल्याचं एक प्रकरण त्यांनी तेवढ्यातच पकडलं होतं. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा तहसीलदारांचा दाखला, आणि शाळेत नाव घालणाऱ्या आईचा स्वतः समोर येऊन दिलेला तोंडी जबाब, कारणासकट. हे सगळं महिनाअखेरच्या आत. नाहीतर प्रवेश रद्द. नवऱ्याचं काँट्रॅक्ट संपत आलेलं, परत तिकडे जायची सोय नाही. वर्ष गेलं असतं आणि जागाही.

हे सांगायला मी रुक्मिणीला बोलावून घेतलं. टेबलावर त्या दिवशीचं वर्तमानपत्र पडलं होतं. त्या वर्षांत वर्तमानपत्र उघडलं की नदीच्या पाण्याचं भांडण. कर्नाटकानं किती सोडलं, आपल्याला किती आलं, मेट्टूर धरणाला पाणी किती. बोलायला सुरुवात म्हणून मी विचारलं, "पापनाशमला पाणी आलें का गं?"

"कुठलें, अक्का. तिला पाणी नाहीं, नाती लावायचं कसं?" नाती म्हणजे भाताची रोपं.

"कुणाला पाणी नाहीं?"

"तिलाच. पेपरांत रोज तिचेंच येतें ना."

"कावेरीला?"

"हो, तिलाच." आणि कानांपर्यंत लाल झाली.

मी तिच्याकडे बघत राहिले. भातशेतीच्या घरातली बाई, पापनाशमची, दहा मिनिटं पाण्याबद्दल बोलते आणि नदीचं नाव एकदाही घेत नाही. मग मी तिला तो एक साधा प्रश्न विचारला.

"रुक्मिणी, तुझ्या सासूबाईंचं नांव काय गं?"

तिनं पदर तोंडाशी नेला आणि बोटानं टेबलावरचा पासपोर्ट हळूच माझ्याकडे सरकवला.

इतके दिवस माझ्या लक्षात कसं आलं नाही, याची मला लाजच वाटली. मी काय परकी होते? आमच्यात थोरल्या नातीला बापाच्या आईचं नाव ठेवतात, आणि सून सासूचं नाव तोंडानं घेत नाही. म्हणजे पाळण्यात जे नाव ठेवलं, तेच आईला उच्चारता येत नाही. मग घरात हाक मारायला दुसरं नाव काढायचं. तंगम म्हणजे तमिळमध्ये सोनं. आईनं तंगम म्हटलं, मग बापानं, मग सगळ्या घरानं. माझ्या स्वतःच्या सासूबाई मंगळाबाई. सासरी आल्यापासून मी आठवड्यातला एक वार उच्चारला नव्हता. तमिळमधला "सेव्वाय" हाताशी होता म्हणून संसार निभावला.

मग तिनं सगळं सांगितलं. झांबियात मुलीला शाळेत घालायचं होतं. नवरा दुसऱ्या गावी परीक्षेच्या ड्यूटीवर. पासपोर्ट व्हिसाच्या कचेरीत अडकलेला. शाळेतल्या गोऱ्या बाईनं पेन उघडून विचारलं, मुलीचं नाव काय? पुढे करायला कागद नाही, नाव सांगायला दुसरं माणूस नाही. रुक्मिणी म्हणाली, तंगम. बाईनं लिहून घेतलं. तेच रजिस्टरात, तेच ओ लेव्हलला, तेच ए लेव्हलला. नवऱ्यानं बघितलं तेव्हा तो म्हणाला, असू दे, शाळेत हाक मारायला सोपं.

"मग हें मला आधीं कां नाहीं सांगितलेंस?"

"कसें सांगूं, अक्का? कारण सांगायला गेलें तर नांवच घ्यावें लागतें."

मी हसले, आणि हसता हसता मला दिसलं की ती हसत नाहीये. तिला खरी भीती निराळीच होती. सासूबाईंचं नाव मुलीला मोठ्या हौसेनं ठेवलेलं. शाळेच्या इतक्या वर्षांत ते नाव कुठे लागलंच नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. "त्यांना कळलें तर काय म्हणतील? नांव ठेवलें आणि सुनेनं पुसून टाकलें म्हणतील. अक्का, वर्ष गेलें तरी चालेल, पण तें त्यांना कळायला नको." मी तिला चांगलंच झापलं. वर्ष काय तुझं जातं आहे का, म्हटलं. पण तिची भीती काही कमी झाली नाही.

आणि लपवणार कसं? तहसीलदारांचा दाखला हवा म्हणजे गावचा अधिकारी घरी चौकशीला येणार. तो आला, ओट्यावर बसला, ताक प्यायला आणि नेमकं सासूबाईंनाच विचारलं, "अम्मा, तुमच्या नातीचं नाव तंगम की कावेरी?" रुक्मिणी आतून ऐकत होती. सासूबाईंनी सगळी हकीकत त्याच्याकडून काढून घेतली, दोन्ही नावं एकीचीच म्हणून कागदावर सही केली आणि आत आल्या. सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत. तीन दिवस घरात पानं वाढली गेली, उचलली गेली, पण बोलणं नाही.

दाखला मिळाला महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी. विद्यापीठ तंजावूरहून बसनं तासाभरावर. मी कचेरीतून परवानगी काढून बसस्टँडवर उभी राहिले. पापनाशमची बस आली, त्यातून आधी मुलगी उतरली, मग रुक्मिणी, रडवेल्या चेहऱ्याची, आणि मग काठी टेकत एक बारीकशी म्हातारी. नऊवारी नेसणं चापून-चोपून, कपाळ स्वच्छ, डोळे धारदार.

"आम्ही स्टॉपवर आलों तर आधींच येऊन बसलेल्या," रुक्मिणी माझ्या कानात म्हणाली. "मीपण येतें म्हणून एवढेंच बोलल्या."

नाव घ्यायचं म्हणजे आता त्या नावाच्या मालकिणीपुढेच घ्यायचं.

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. पाच वाजता आवक-जावकाचं रजिस्टर बंद होणार होतं. मी नटेशन सारांपुढे दाखला ठेवला, फॅक्सची झेरॉक्स ठेवली, आणि चालरीत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मेडम, माझी आईसुद्धा अप्पांचं नाव घ्यायची नाही," ते म्हणाले. "रेशनच्या दुकानात मला पुढे करायची. मला सगळं समजतं. पण जबाबात मला असं लिहावं लागतं की मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं."

"त्या लिहून देतील, सार."

"लिहून तर ज्याला बहिणीचं सर्टिफिकेट आणायचं आहे तोही देईल. मी कानानं ऐकल्याशिवाय सही करत नाही." आणि ते रुक्मिणीकडे वळले. "अम्मा, मुलीचं घरातलं नाव?"

"तंगम."

"पासपोर्टवरचं?"

रुक्मिणीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगी म्हणाली, "मम्मी, प्लीज." मी म्हटलं, "रुक्मिणी, देवाचं नांव घेतल्यासारखें घे, संपलें." तिच्या कपाळावर घाम आला होता. डोळे सारखे दाराजवळच्या बाकाकडे जात होते, जिथे सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. नटेशन सारांनी घड्याळाकडे बघितलं आणि पेनाला टोपण लावलं. ते दुष्टपणानं केलं नव्हतं, पण मला ते टोपण लावणं अजून दिसतं.

"रुक्कू," बाकावरून आवाज आला. "म्हण की. माझं नांव म्हणजे काय शिवी आहे?"

"नको, अम्मा. तुमच्यापुढें कसें?"

"मी सांगूलालें ना. पोरीचं वर्ष जातें. म्हण."

रुक्मिणीनं जमिनीकडे बघत काहीतरी म्हटलं. नटेशन सार म्हणाले, "ऐकू आलं नाही." तिनं पुन्हा म्हटलं. "अम्मा, जरा मोठ्यानं, आणि पूर्ण सांगा," सार म्हणाले. तेव्हा ती एकदम मान वर करून भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "कावेरी. कावेरी आणि तंगम एकच. माझी मुलगी."

टोपण निघालं. नटेशन सारांनी दोन ओळी लिहिल्या, रुक्मिणीची सही घेतली, आपली सही केली, शिक्का मारला, आणि रजिस्टर मिटायच्या आत पात्रतापत्राला नंबर पडला. मुलगी नाचायचीच बाकी राहिली होती. मी नोकरीत अशी कितीतरी पत्रं हातात घेतली असतील, पण हे पत्र मी तिथेच उभ्या उभ्या दोनदा वाचून काढलं.

मागे वळून बघितलं तर म्हातारीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मला वाटलं, झालं. चारचौघांत, परक्या पुरुषासमोर सुनेनं तीनदा नाव घेतलं, ते यांच्या जिवाला लागलं. मी जवळ जाऊन वाकले. "अम्मा, कां रडूलालात? हें सगळें फाईलीसाठीं होतें. मनाला लावून घेऊं नका."

"तसें नाहीं गं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "माझी थोरली बहीण गेली, तेव्हांपासून हें नांव कुणीं घेतलेंच नाहीं. मी कुणाची अम्मा, कुणाची वहिनी, कुणाची आजी. कावेरी कुणाचीच नाहीं. नातीला ठेवलें तें एवढ्यासाठींच, म्हटलें निदान घरांत ऐकूं तरी येईल. तर तिलाही सगळे तंगमच म्हणतात. मीपण तंगमच म्हणतें, माझेंच नांव मी कसें घेऊं?"

नटेशन सारांना मराठी येत नव्हती. त्यांनी मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी तमिळमध्ये सांगितलं. पाच वाजून गेले होते, शिपाई दिवे घालवायला आला होता, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

रुक्मिणी उभीच होती. तीन दिवसांचा अबोला तिला आत्ता कुठे कळत होता. म्हातारीनं तिच्याकडे बघितलं आणि बाकावर आपल्या शेजारची जागा हातानं झटकली.

"ये. अजून एकदां म्हण."

"अम्मा..."

"आतां फाईलीला नको. मला."

रुक्मिणी जाऊन तिच्याजवळ बसली. या वेळी तिनं जमिनीकडे बघितलं नाही, भिंतीकडेही नाही.

"कावेरी," ती म्हणाली.

आणि म्हातारीनं ओ दिली.